झारीतला शुक्राचार्य

आपल्या मराठी भाषेने पुराणातल्या काही मंडळींवर फार अन्याय केला आहे. नारदाला तिने कळलाव्या ठरवले, कुंभकर्णाची सारी लढाई विसरून त्याची झोप तेवढी लक्षात ठेवली. पण सर्वांत मोठा अन्याय झाला तो शुक्राचार्यांवर. सुरळीत चाललेले काम कुणी अडवून धरले, की त्याला आपण 'झारीतला शुक्राचार्य' म्हणून मोकळे होतो. फाइल दाबून बसलेला कारकून झारीतला शुक्राचार्य, आणि ऐन बोलणीत पत्रिकेचा घोळ काढणारा मामाही झारीतला शुक्राचार्यच! वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना मूळ गोष्ट सांगतो. ती संपली की हमखास मागच्या बाकावरून कुणीतरी विचारते, "पण सर, शुक्राचार्यांचं चुकलं काय?"

प्रश्न बिनतोड आहे. बटू वामन बळीच्या यज्ञात आला आणि त्याने तीन पावले भूमी मागितली. एवढ्याशा पोराची पावले ती केवढी! बळीने हसून हो म्हटले. शुक्राचार्य तेवढे म्हणाले, "राजा, मागणारा कोण आहे ते आधी पाहा." राजाने ऐकले नाही. तेव्हा दानाचे उदक सुटू नये म्हणून हे वृद्ध गुरू झारीच्या तोटीत जाऊन बसले, वामनाने दर्भाच्या काडीने तोटी मोकळी केली आणि गुरूंचा एक डोळा गेला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पहिले पाऊल पृथ्वीवर, दुसरे आकाशात, तिसरे दात्याच्या डोक्यावर. तीन पावले द्यायची हे ठरले होते. ती कोणाच्या मापाची, हे मात्र कुणी लिहून घेतले नव्हते. दर पाडव्याला आपण बळीची आठवण काढतो, आणि ती काढावी असाच तो राजा होता. ज्याने डोळा गमावला त्याच्या वाट्याला मात्र एक शिवी आली.

पण आज मला पुराण सांगायचे नाही. माझ्या भाच्याची हकीकत सांगायची आहे. तो पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या हुद्द्याचे नाव इंग्रजी आणि इतके लांबलचक आहे, की माझ्या ताईला ते अजून पाठ झालेले नाही. "काहीतरी कुलपांचं बघतो," एवढेच ती शेजारणींना सांगते. कचेरीतले मराठी सोबती मात्र त्याला सरळ 'शुक्राचार्य' म्हणतात. नवे काम सर्वांना आज हवे असते, आणि हा म्हणतो, "थांबा, याला एवढा अधिकार कशाला?"

संगणकाच्या जगात एक दुखणे आहे. एखाद्या प्रोग्रामला अगदी थोडा अधिकार दिलेला असतो; कुठल्या तरी फटीतून तो वाढत वाढत मालकाच्या अधिकारापर्यंत जाऊन पोहोचतो. या दुखण्याला मराठी नाव काय द्यावे, असे भाच्याने मला एकदा विचारले. 'अधिकारवृद्धी' हा शब्द मी सुचवला, आणि तो सरकारी बढतीच्या हुकुमासारखा वाटल्यामुळे मीच मागे घेतला. मग सुचला 'शिरजोरी'. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतो ना आपण, त्यातला. वामनाचे तिसरे पाऊल नेमके शिरावरच पडले होते! भाच्याला शब्द आवडला. तेव्हा या लेखातही तोच चालवतो.

ही शिरजोरी सध्या जिथे सर्वांत जास्त डोकेदुखी करते ती जागा म्हणजे कंटेनर. कंटेनर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्हावा-शेवा बंदरातल्या लोखंडी पेट्या येतात. मूळ कल्पना त्यांचीच. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' नावाच्या बोटीवर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तेव्हापासून मालाची पोती एकेक करून चढवण्या-उतरवण्याचा जमाना संपत गेला. पेटीत काय आहे याची बोटीला फिकीर नाही आणि बोट कुठली याची पेटीला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच युक्ती उचलली. प्रोग्राम, त्याला लागणारे सारे सामान, सगळे एका पेटीत भरायचे आणि पेटी कुठल्याही यंत्रावर नेऊन ठेवायची. प्रयत्न जुनेच होते, पण २०१३ साली डॉकर आले आणि ही पेटी घरोघर झाली. आज आपण पैसे पाठवतो, तिकीट काढतो, मुलाचा अर्ज भरतो, त्यामागे कुठेतरी अशा पेट्यांच्या रांगा उभ्या असतात.

मात्र या उपमेत एक खोट आहे, आणि सारा घोटाळा त्या खोटीतच आहे. न्हावा-शेव्याच्या पेटीला स्वतःचा लोखंडी तळ असतो. संगणकातल्या पेटीला तळ नसतोच. एका यंत्रावर शंभर पेट्या असल्या तरी त्या सर्वांच्या खाली एकच जमीन असते. तिला कर्नेल म्हणतात. म्हणून मला ही पेटी न वाटता जुन्या वाड्यातली भाड्याची खोली वाटते. खोल्या अनेक, बिऱ्हाडे अनेक, पण पाया एक आणि विहीर एक. प्रत्येक बिऱ्हाडाला असे भासवलेले असते, की हा सारा वाडा तुझाच आहे. खिडकीतून शेजारी दिसू नये अशी योजना असते. पाणी किती, धान्य किती, याचेही माप ठरलेले असते. पण मधली भिंत विटांची नाही. ती कर्नेलच्या वहीतली नोंद आहे. भाचा म्हणाला, "मामा, गंमत म्हणजे कर्नेलला कंटेनर नावाची वस्तूच माहीत नाही. त्याला फक्त नोंदी माहीत आहेत. कोणाला काय दिसावं आणि कोणाला किती मिळावं, एवढंच. त्या नोंदींची बेरीज म्हणजे आमचा कंटेनर."

हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायला कठीण वाटेल. आम्हां जिवतीकरांना ते चटकन कळते. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरपठारावर, तेलंगणाच्या हद्दीला लागून आहे. मूळचे इथले गोंड आणि कोलाम. मागाहून माझ्या वडिलांसारखी मराठवाड्यातून पोटासाठी आलेली माणसे. हा सारा जुना राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली, रेघ ओढली गेली, आणि रेघेवर चौदा गावे अडकली. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा ही त्यांतलीच. वर्षानुवर्षे ही गावे दोन्ही राज्यांनी आपली म्हटली. शिधापत्रिका दोन, मतदारयाद्या दोन, शाळा मराठीही आणि तेलुगूही. तिथल्या शेतात उभे राहून रेघ शोधली तर सापडत नाही. कापसाच्या झाडाला ती ठाऊक नाही, पावसालाही नाही. रेघ आहे ती दोन दप्तरांत, आणि दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. यात गावकऱ्यांचा दोष काडीइतकाही नाही. वही लिहिणाऱ्यांचे एकमत झाले नाही, त्याचा जाच मात्र त्यांनीच सोसला. संगणकातही भिंत कुणी पहार घेऊन फोडत नाही. एका प्रश्नाची दोन वह्यांत दोन उत्तरे निघतात, आणि ज्याला चोरी करायची आहे तो त्या दोन उत्तरांच्या मधून निघून जातो.

२०२४ च्या जानेवारीअखेर भाचा चार दिवस आमच्याकडे आला होता. एक फेब्रुवारीला सकाळी मी उठलो तो हा अंथरुणात नाही. आमच्या घरी मोबाइलची रेंज येते ती पाहुण्यासारखी. आली तर आली. म्हणून तो टेकडीवरच्या देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. मी चहाचा थर्मास घेऊन गेलो. थंडी मी म्हणत होती. रात्रीच बातमी आली होती, की कंटेनरच्या कारभाऱ्यातच भोक सापडले आहे.

हा कारभारी म्हणजे रन-सी नावाचा एक लहानसा प्रोग्राम. नव्या बिऱ्हाडाला त्याच्या खोलीत नेऊन बसवायचे, दार लावायचे आणि निघून यायचे, एवढेच त्याचे काम. डॉकर असो की कुबरनेटीस, बहुतेक मोठमोठ्या वाड्यांत खोल्या लावून देणारा हाच. स्निक या कंपनीतल्या रोरी मॅकनमारा या संशोधकाला असे आढळले, की बिऱ्हाड आत पोहोचवताना हा कारभारी मालकाच्या एका दालनाचे दार उघडे धरतो आणि वेळेवर लावायला विसरतो. भाडेकरूने येतानाच 'माझी बसायची जागा त्या दारापाशी' असे कागदावर लिहून आणलेले असले, की तो आपल्या खोलीत पोहोचतच नाही. डोळे उघडतो तो थेट मालकाच्या दालनात. तिथून मालकाच्या पेट्या, शेजाऱ्यांच्या वह्या, साऱ्या हाताशी. ना कुलूप तोडले, ना भिंत फोडली. 'बसायची जागा' हा भाडेकरूचा साधा हक्क. तेवढ्या एका पावलात त्याने वाडा व्यापला.

"असं पूर्वी कधी झालं होतं का?" मी विचारले.

तो हसला. "मामा, या कारभाऱ्याचीच २०१९ ची गोष्ट ऐका."

ती गोष्ट खरोखर कादंबरीत शोभावी अशी आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत ती उघड झाली. ॲडम इवानिएट्स आणि बोरिस पोप्लाव्स्की या दोघा संशोधकांनी ती शोधली होती. बिऱ्हाडात काही काम निघाले की कारभाऱ्याला पुन्हा आत बोलावले जाते. आत दबा धरून बसलेला भाडेकरू तेवढ्या क्षणात कारभाऱ्याच्या मूळ रूपाला हात घालतो आणि त्याच्या डोक्यात आपले शब्द भरतो. कारभारी बाहेर येतो. चेहरा तोच, पागोटे तेच. पुढच्या वेळी मालक त्याला हाक मारतो तेव्हा तो मालकाच्या अधिकाराने भाडेकरूचे हुकूम बजावतो. यावर तोड निघाली तीही तितकीच नामी. आता कारभारी आत जाण्यापूर्वी स्वतःची एक नक्कल करतो, तिच्यावर मोहोर लावतो आणि नकलेला आत पाठवतो. खरा कारभारी भाडेकरूच्या हाती लागतच नाही. आपल्याकडे रामायणात खरी सीता अग्नीच्या स्वाधीन करून छायासीता पुढे केल्याची कथा सांगतात, तशातलाच हा प्रकार.

आणि दोष फक्त कारभाऱ्यातच असतात असेही नाही. खालची जमीनच कधी खचलेली असते. 'डर्टी काऊ' नावाचे एक भोक २००७ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये होते. ते २०१६ साली बुजवले गेले. नऊ वर्षे! मालकाच्या वतीने कामे करणारा 'पीकेएक्झेक' नावाचा एक हुजऱ्या आहे. कंटेनरशी त्याचा थेट संबंध नाही, पण शिरजोरीचा इतका सोपा नमुना दुसरा नाही. कुणी येऊन काही मागितले तर काय करायचे हे त्याला शिकवलेले होते. येणाऱ्याने काहीच मागितले नाही तर काय करायचे, हे मात्र कुणी शिकवले नव्हते. मागणी नाही असे पाहून तो गोंधळतो आणि शेजारच्या पिशवीत हात घालून तिथे जे असेल तीच मागणी समजतो. पिशवी अर्थातच चोराने भरून ठेवलेली. २००९ पासूनचा हा दोष २०२२ च्या जानेवारीत क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जगापुढे मांडला. या कंपनीचे मोठे कार्यालय पुण्यात आहे, हे सांगताना भाच्याला उगाच अभिमान वाटत होता. आणि हे प्रकरण संपले असे कुणी समजू नये. रन-सीमध्येच २०२५ च्या नोव्हेंबरात, घरोघरी फराळाचे डबे रिकामे होत असताना, आणखी तीन दोष जाहीर झाले.

त्या दिवशी ओट्यावर मात्र प्रश्न हा होता, की आता करायचे काय. भाच्याच्या कंपनीकडे बऱ्याच लहान पतसंस्थांचे हिशेब असतात. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. एकाच यंत्रावर कितीतरी संस्थांची बिऱ्हाडे शेजारी शेजारी नांदतात. एकातला उपद्रवी प्रोग्राम बाहेर पडला तर साऱ्यांच्या वह्या उघड्या. त्यांत कुणा शिंप्याने मुलीच्या लग्नासाठी टाकलेली आवर्त ठेव असेल, कुणा दूधवाल्याचे रोजचे पन्नास रुपये असतील. दुरुस्त कारभारी तयार होता. यंत्रे पाळीपाळीने रिकामी करून तो बसवायचा होता. या दुरुस्तीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ठिगळ. पण ती महिन्याची एक तारीख होती. पगार जमा होण्याचा, हप्ते वळते होण्याचा दिवस. वरिष्ठ फोनवर म्हणाले, "दहा तारखेनंतर बघू. इतकी वर्षं काही झालं नाही, नऊ दिवसांत काय होणार आहे?"

मी शेजारी बसलो होतो. भाच्याचा आवाज चढला नाही. तो एवढेच म्हणाला, "सर, काल रात्रीपर्यंत हे थोड्या लोकांना माहीत होतं. आज सगळ्यांना माहीत आहे." मग तो एकेका बिऱ्हाडाचा कागद तपासू लागला, आणि त्यात दुपारच्या सुमारास त्याला जे सापडले ते रन-सीच्या भोकापेक्षाही भयंकर होते. एका खोलीला मालकाचे संपूर्ण अधिकारपत्र दिलेले होते. शेजारी शेरा होता : तात्पुरते. तारीख दोन वर्षांपूर्वीची! कुठल्या तरी रात्री काम अडले असेल, कुणीतरी थकून पूर्ण अधिकार देऊन टाकला असेल, काम झाले असेल आणि माणूस झोपायला गेला असेल. त्या खोलीतून वाड्यात यायला भोक कशाला हवे? किल्ली तिच्याच खुंटीवर टांगलेली होती.

'तात्पुरते' हा आपल्याकडचा सर्वांत चिवट शब्द आहे. तात्पुरती शेड, तात्पुरती नेमणूक, तात्पुरता रस्ता. या वस्तू पिढ्या पाहतात. भाच्याने तो कागद वरिष्ठांना पाठवला आणि पाच मिनिटांत परवानगी आली. रात्री अकरापर्यंत तो देवळाच्या ओट्यावर होता. ताईने डबा पाठवला, पुजाऱ्याने घोंगडी दिली. यंत्रे एकेक करून रिकामी झाली, ठिगळ बसले, बिऱ्हाडे परत आली, आणि ते जुने अधिकारपत्र फाडून टाकले गेले. पतसंस्थांना कळलेदेखील नाही. काहीच झाले नाही.

काहीच झाले नाही! या लोकांचे यश हे असे असते. डॉक्टरने रोगी वाचवला तर पेढे मिळतात. रोग होऊच दिला नाही तर 'उगाच औषध दिलंत' असे ऐकावे लागते. पुण्याला परतल्यावर भाच्याला कुणी शाबासकी दिली नाही. एक तारखेचे काम तासभर लांबल्याबद्दल कुरकुर मात्र ऐकवली.

"मग उपाय तरी काय? रोज नवे ठिगळ?" मी त्याला निघताना विचारले होते.

"ठिगळ तर हवंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोजून देणं. ज्याला खिडकी लागते त्याला दार द्यायचं नाही." मग त्याने एक युक्ती सांगितली ती मला फार आवडली. खोलीत राहणाऱ्याला आपण मालक आहोत असे वाटू द्यायचे, पण बाहेरच्या वहीत त्याची नोंद य:कश्चित माणूस म्हणून करायची. आत सत्ता गाजवू दे. उंबरठा ओलांडला की त्याचे कुणी ऐकणार नाही. मी म्हणालो, "अरे, हे तर आपलं झाडीपट्टीचं नाटक!" आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला आणि गडचिरोलीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर मंडपात राजा म्हणून गर्जना करणारा गडी पहाटे मुकुट उतरवतो आणि बैलांना वैरण घालायला जातो. रंगमंचावरचा त्याचा हुकूम गावच्या चावडीवर चालत नाही, आणि त्याचे त्यालाही वाईट वाटत नाही. भाचा म्हणाला, की यालाही फटी असतात, पण पुष्कळशी शिरजोरी या एका युक्तीने उंबरठ्यावरच थांबते.

मी मराठीचा मास्तर. या वह्या-वाड्यांशी माझा संबंध काय, असे कुणी म्हणेल. पण माझ्या विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, त्यांच्या बापांचे सातबारे आता कागदावर कमी आणि यंत्रात जास्त आहेत. ज्या तालुक्यात जमीन वनखात्याची की कसणाऱ्याची, या एका नोंदीपायी माणसांची हयात गेली, तिथे नोंद म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पहाडावरून बस धरून अर्ज भरायला आलेली मुलगी अंगठा टेकवते आणि घरी जाते. तो अर्ज कुठल्या पेटीत, कुणाच्या शेजारी ठेवला जातो, ते तिला ठाऊक नाही. आणि त्या पेटीला 'तात्पुरता' पूर्ण अधिकार देऊन कोण झोपी गेले आहे, हेही तिला कधी कळायचे नाही. तिच्या वतीने कुणीतरी तोटीत बसायला हवे.

अविश्वास हा काही मोठा गुण नव्हे, हे मीही मानतो. दिलदार माणसांनीच हे जग चालते. पण शुक्राचार्यांनी दान देऊ नको एवढ्यासाठी आडकाठी केली नव्हती. आधी मागणारा ओळख, म्हणून केली होती. आता पुढच्या वर्षी वर्गात तो वाक्प्रचार आला, की वाक्यात उपयोग करा म्हणून मी सांगेन आणि एक गुण जास्त देईन, जो विद्यार्थी तो स्तुतीच्या अर्थाने वापरील त्याला. बळीचे राज्य यावे असे पाडव्याला आपण सारेच म्हणतो. ते अवश्य यावे. फक्त या खेपेला झारी उचलण्यापूर्वी राजाने गुरुजींना एकदा विचारावे.